पडत्या भावाची उष्णता

जानेवारीतली पहाट, साडेपाचचा सुमार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला मी कानटोपी घालून उभी होते. समोर स्प्रे पाँड. अर्ध्या एकराच्या तळ्यात नळांच्या रांगा, प्रत्येक नळातून माणसाच्या दुप्पट उंच फवारा, आणि सगळ्यावर एवढी दाट वाफ की पलीकडचा ऊसगाड्यांचा तळ दिसेना. बैलांच्या घुंगरांचा आवाज मात्र येत होता.

पंपाजवळचा कामगार शेकोटी सोडून आला. "फोटो काढालाय व्हय? ह्यो धूर न्हवं ताई, वाफ हाय. घाला की हात पाण्यात."

घातला. बाळंतिणीच्या न्हाणीतल्या पाण्याइतकं ऊन. पिशवीतला थर्मामीटर बुडवला तर त्रेचाळीस अंश.

"ह्ये गार कराय टाकतोय," तो म्हणाला. "गार झालं की परत आत जातंय, परत गरम हुन येतंय. चोवीस तास, हंगाम संपंस्तोवर."

मी इथे आले होते ती संपादकांच्या एका वाक्यामुळे. यंदाच्या अंकाचा विषय 'वाया गेलेलं'. वाया गेलेल्या वेळेवर, अन्नावर आणि पोरांवर लिहिणारे त्यांना मिळाले होते. "तू मागे काहीतरी सांगत होतीस ना, कोमट पाण्यावर चालणारी बॅटरी म्हणून? ते बघून ये." कोमट पाण्यावर चालणारी बॅटरी बघायची तर आधी कोमट पाणी बघायला हवं, आणि ते ऊस पिकवणाऱ्या मुलखात जितकं आहे तितकं दुसरीकडे क्वचितच असेल.

चार वेळा वापरलेली वाफ

चीफ इंजिनिअर साहेबांनी पहिल्या पाच मिनिटांतच माझा एक गैरसमज काढून टाकला. कारखान्यात उष्णता उधळतात, असं मी धरून चालले होते. ते मला बॉयलिंग हाऊसमध्ये घेऊन गेले आणि चार उंच लोखंडी भांड्यांसमोर उभं केलं. त्यांच्या बोलीत याला 'क्वाड' म्हणतात आणि प्रत्येक भांड्याला 'बॉडी'.

टर्बाइन फिरवून, वीज करून बाहेर पडलेली वाफ पहिल्या बॉडीत रस उकळते. त्या रसातून उठलेली वाफ दुसऱ्या बॉडीला तापवते, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. पुढची वाफ मागच्यापेक्षा कमी तापलेली, मग तिच्यावर रस उकळावा कसा? तर पुढच्या बॉडीत दाब कमी ठेवून. शेवटच्या बॉडीत चांगला व्हॅक्यूम असतो, तिथला पाक पंचावन्न-साठ अंशांवरच उकळतो. एक किलो वाफ घालून जवळजवळ चार किलो पाणी उडवायचं, असा हा हिशेब. ही युक्ती १८४०च्या दशकात नॉर्बर्ट रिल्यू यांनी पेटंट केली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधले ते कृष्णवर्णीय इंजिनिअर. गुलामीची प्रथा चालू असलेल्या लुईझियानात, गुलामांच्या हातांनी चालणाऱ्या साखरेच्या उद्योगासाठी त्यांनी हे यंत्र बसवलं. आज आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्यात जा, रिल्यूंचीच कल्पना उभी दिसेल. नाव मात्र तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही ते नंतर वाचून कळलं.

तर ही वाफ चौथ्या बॉडीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात उष्णता भरपूर असते आणि जोर काहीच नसतो. तिला कंडेन्सरमध्ये पाण्याच्या धारांखाली विझवतात, नाहीतर व्हॅक्यूम टिकणार नाही. ते पाणी तापतं आणि बाहेर तळ्यात येतं. ते गार करायला पंप लागतात, पंपांना वीज लागते. म्हणजे उष्णता टाकून द्यायलाही कारखाना पैसे मोजतो.

"ह्याची वीज करून दाखवा," साहेब हसून म्हणाले, "उद्या सकाळी चेअरमनकडं घेऊन जातो तुम्हाला."

संध्याकाळची मेथी

याची वीज सहज का होत नाही, ते बाजाराच्या भाषेत लवकर समजतं. सकाळी सात वाजता मेथीची जुडी वीस रुपयांना असते. संध्याकाळी आठ वाजता तीच जुडी पाच रुपयांना. वजन जवळपास तेवढंच आहे, फक्त भाव पडलाय. उष्णतेचंही तसंच. बॉयलरमधली आणि तळ्यातली उष्णता मोजली तर दोन्ही भरपूर निघतात, पण एकीला भाव आहे आणि दुसरीला नाही. हा भाव ठरतो तो आजूबाजूच्या थंडाव्यापेक्षा ती किती वर आहे यावरून.

फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो यांनी १८२४ साली हा हिशेब मांडला आणि आजवर तो कुणाला चुकवता आलेला नाही. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. गरम आणि गार यांतल्या फरकाला गरम तापमानाने भागायचं. उष्णतेतला तेवढाच हिस्सा काम म्हणून मिळू शकतो, तोही यंत्र निर्दोष असेल तर. कारखान्याच्या चिमणीतून दीडशे अंशांचा वायू जातो आणि बाहेर तीस अंश असतील, तर भागाकार अठ्ठावीस टक्क्यांवर येतो. स्प्रे पाँडचं पाणी त्रेचाळीस अंशांवर येतं आणि बत्तीसवर परत जातं. इथे हिशेब साडेतीन टक्क्यांवर संपतो, आणि ही देवाच्या यंत्राची कमाल मर्यादा. माणसाच्या यंत्राला त्यातला एखादा तुकडा मिळणार.

तेव्हा स्प्रे पाँडचा नाद मी तिथेच सोडला. पण इंजिनिअर साहेबांबरोबर परत येताना एका गटाराशी थांबले. त्यातून स्वच्छ, वाफाळतं पाणी वाहत होतं. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते रसातून उडवून पुन्हा थंडावलं की कंडेन्सेट होतं. त्यातलं कारखान्याला हवं तेवढं वापरून उरलेलं इथून जात होतं. थर्मामीटर एकाहत्तरवर गेला.

"हे रोज इतकं गरम असतं?"

साहेबांनी लॉगबुक मागवलं. वाफेचा दाब, रसाचं तापमान, व्हॅक्यूम, चिमणी, सगळे रकाने तासातासाला भरलेले. गटाराचा रकाना नव्हता.

दोन बीकर आणि एक मीटर

कोमट बॅटरीचं मूळ रूप पाहायला परदेशी जायची गरज नाही. ती बीएस्सीच्या प्रयोगशाळेत होते. सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने आणि तिच्या दोन विद्यार्थ्यांनी एका शनिवारी ती करून दाखवली.

पोटॅशियम फेरोसायनाइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. नावात सायनाइड असलं तरी ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं, आणि मिठाची ढेकळं होऊ नयेत म्हणून यातलं पहिलं अत्यल्प प्रमाणात घालायला परवानगीही आहे. (तीव्र ॲसिडबरोबर तापवायचं मात्र नाही, हे मैत्रिणीने मुलांना तीनदा बजावलं.) दोन्ही क्षार सारख्या मापाने पाण्यात विरघळवले, पिवळंधमक द्रावण झालं. दोन बीकरमध्ये तेच द्रावण. दोन्हींना जोडणारी, त्याच द्रावणाने भरलेली काचेची यू-नळी. जुन्या सेलमधून काढलेल्या ग्रॅफाइटच्या दोन कांड्या. एक बीकर वॉटरबाथमध्ये सत्तर अंशांवर, दुसरा गार पाण्यात वीसवर.

मीटरवर आकडा हळूहळू चढत गेला आणि अडुसष्ट मिलिव्होल्टवर थांबला. या जोडीला दर अंशामागे सुमारे १.४ मिलिव्होल्ट मिळतात हे वह्यांत होतंच, म्हणजे पन्नास अंशांना सत्तर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या अडुसष्टपेक्षा ही गोष्ट जास्त विलक्षण वाटली की दोन्ही बीकरमध्ये एकच द्रव आहे आणि कुठलाही पदार्थ खर्ची पडत नाहीये. तापमानाचा फरक टिकला तर हे असंच चालू राहील.

हे घडतं कसं? फेरोसायनाइडच्या आयनावर चार ऋण प्रभार असतात, फेरिसायनाइडवर तीन. ज्याच्याकडे जास्त त्याच्याभोवती गोतावळा जास्त, तसं चार प्रभारवाल्याभोवती पाण्याचे रेणू जास्त गच्च गोळा होतात. त्याने एक इलेक्ट्रॉन सोडला की घेरा सैल होतो, काही रेणू पांगतात. आणि उष्णता ही नेहमी पांगापांगीच्या बाजूची, दुपारच्या उन्हात सभा मोडते तशी. म्हणून गरम बीकरमध्ये इलेक्ट्रॉन सोडण्याकडे कल, गार बीकरमध्ये घेण्याकडे. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून गार बाजूला जातात, आयन नळीतून फिरून हिशेब पुरा करतात. याला थर्मोसेल म्हणतात. दोन धातूंच्या जोडावर तापमानाच्या फरकाचा विद्युतपरिणाम थॉमस सीबेक यांना १८२१ साली दिसला होता. तापमानामागे मिळणाऱ्या व्होल्टेजला आजही त्यांचंच नाव आहे. अशा कामासाठी वापरतात त्या बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाला दर अंशामागे ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास मिळतात. पिवळं पाणी त्याच्या सातपट देतं.

मग एका विद्यार्थ्याने लाल एलईडी जोडून पाहिला. पेटला नाही. त्याला १.८ व्होल्ट तरी हवेत, म्हणजे अशा सव्वीस-सत्तावीस जोड्या एकापुढे एक लावायला हव्यात. त्याने मग मीटर करंटवर लावला. आकडा मायक्रोअँपिअरमध्ये.

"मॅडम, व्होल्टेज आहे, पण दम नाही," तो म्हणाला. या विषयावरच्या संशोधनाचं मुख्य दुखणं त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. धातूत इलेक्ट्रॉन पळतात, पाण्यात आयन रांगतात. आयनांचा प्रवास कमी व्हावा म्हणून दोन्ही बाजू जवळ आणल्या की उष्णताही पटकन पलीकडे जाते आणि फरकच नाहीसा होतो. दूर ठेवल्या की करंट मरतो. जवळही हवं आणि लांबही हवं, असा हा संसार.

२०१६ साली कार्बन नॅनोट्यूबच्या जाळीदार इलेक्ट्रोडवर बेतलेल्या थर्मोसेलने ५१ अंशांच्या फरकावर चौरस मीटरला ६.६ वॅट दिले. या क्षेत्रात तो मोठा आकडा. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. एक किलोवॅटसाठी, म्हणजे घरची इस्त्री चालवायला, दीडशे चौरस मीटर इलेक्ट्रोड लागेल. सोळाशे चौरस फूट, पुण्यातला ऐसपैस तीन बेडरूमचा फ्लॅट.

२०२० साली चीनमधल्या वुहानच्या हुआचोंग विद्यापीठातल्या गटाने एक सुरेख युक्ती केली. याच द्रावणात त्यांनी ग्वानिडिनियम हा आयन घातला. तो गार बाजूला फेरोसायनाइडशी जोडी जमवून त्याचे स्फटिक खाली बसवतो, गरम बाजूला ते पुन्हा विरघळतात. थंडीत काकवीच्या बाटलीच्या तळाशी खडे धरतात आणि बाटली उन्हात ठेवली की विरघळतात, तसं. त्यामुळे दोन बाजूंतला असमतोल वाढला आणि दर अंशामागे ३.७३ मिलिव्होल्ट मिळाले. कार्नोच्या मर्यादेच्या ११ टक्क्यांपर्यंत मजल गेली. त्याच वर्षी शेनचेनमधल्या संशोधकांनी जिलेटिनच्या लगद्यात क्षार मुरवून दर अंशामागे १७ मिलिव्होल्ट दाखवले. हातावर बांधलेल्या पंचवीस तुकड्यांनी अंगाच्या उबेवर दोन व्होल्ट दिले, वॅटमध्ये मोजलं तर पाच मायक्रोवॅट. बातमीचा मथळा नेहमी व्होल्टचा होतो. वाचकांनी वॅटचा आकडा शोधावा.

उन्हाळी कांदा

संपादकांना मी सांगितलेली कोमट बॅटरी मात्र या घराण्यातली असली तरी वेगळी. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि एमआयटी इथल्या गटांनी मिळून ती मांडली. यी क्युई आणि गँग चेन हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ, सोक वू ली आणि युआन यांग यांचं नाव निबंधावर पुढे आहे.

तिचं तत्त्व लासलगावच्या व्यापाऱ्याला दोन मिनिटांत कळेल. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो तेव्हा भाव पडलेला असतो. तो घ्यायचा, चाळीत ठेवायचा आणि पावसाळा सरताना चढ्या भावाने काढायचा. मालात भर पडत नाही, नफा भावाच्या फरकात असतो. ही बॅटरी अशी बनवली आहे की गरम असताना तिचं व्होल्टेज कमी असतं आणि गार झाली की वाढतं. गरम करून, कमी व्होल्टेजला तिच्यात वीज भरायची. मग गार करायची आणि वाढलेल्या व्होल्टेजला तीच वीज काढायची. भरलं त्यापेक्षा जास्त हातात येतं. ते जास्तीचं उष्णतेतून आलेलं.

तिची एक बाजू तांब्याची आणि दुसरी कॉपर हेक्झासायनोफेरेटची. बीएस्सीला ज्यांनी क्षार ओळखायचे प्रयोग केलेत त्यांना तांब्याची कसोटी आठवत असेल. फेरोसायनाइडचे चार थेंब टाकले की चॉकलेटी पीपीटी आलीच. हा पदार्थ त्याच चॉकलेटी गाळाचा सख्खा भाऊ, आणि प्रशियन ब्लू या जुन्या निळ्या रंगाच्या कुळातला. त्याच्या जाळीत आयनांना आत-बाहेर करायला ऐसपैस खिडक्या असतात, म्हणून तो न कुरकुरता पुन्हा पुन्हा भरतो आणि रिकामा होतो. स्वस्त, साधा, पाण्यात चालणारा पदार्थ. मला ही निवड फार आवडली.

दहा ते साठ अंशांच्या दरम्यान फिरवून त्यांनी ५.७ टक्के कार्यक्षमता सांगितली. कार्नोची मर्यादा इथे पंधरा टक्के, म्हणजे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. थर्मोसेलच्या तुलनेत ही झेप आहे. पण कांद्याच्या धंद्यात हमाली असते, तशी इथेही आहे. प्रत्येक फेरीला अख्खी बॅटरी, तांबं, पाणी, डबा यांच्यासकट तापवायची आणि गार करायची. त्या तापवण्यात गेलेली निम्मी उष्णता परत मिळवता येते असं धरून तो ५.७चा आकडा आहे. आणि भावातला फरक किती? दर अंशामागे १.२ मिलिव्होल्ट, पन्नास अंशांना साठ. घाईने, मोठ्या करंटने भरायला गेलात तर हे साठ मिलिव्होल्ट बॅटरीच्या आतल्या रोधातच जिरतात. सावकाश गेलात तर दिवसाला फेऱ्या किती होणार?

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात फँग झांग आणि ब्रूस लोगन यांच्या गटाने २०१५मध्ये तिसरी वाट दाखवली. तांब्याच्या दोन पट्ट्या, एका बाजूच्या द्रावणात अमोनिया. अमोनिया तांब्याला ओढून विरघळवतो, पलीकडच्या पट्टीवर तांबं चढतं, करंट वाहतो. मग टाकाऊ उष्णतेने अमोनिया उडवून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला सोडायचा, की तांबं उलट वाटेने परत. इथे दम चांगला मिळतो. पण कारखान्यात अमोनियाची टाकी आली की वास, गळती, सुरक्षेचे परवाने हेही आलं.

थंडी कुठून आणायची

या लेखासाठी फिरताना मार्चमध्ये दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला गेले. गरम पाण्याचं कुंड. उगमाशी पाणी सत्तर अंशांच्या आसपास, हात घालायची सोय नाही. दगडी कठड्यावर गुडघेदुखीवाली माणसं पाय सोडून बसली होती. अशा पाण्यावर वीज होऊ शकते का? होते. अलास्कातल्या चेना इथे ७४ अंशांच्या झऱ्यावर २००६पासून वीज तयार होते. तिथे बॅटरी नाही, कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरून फिरवलेलं टर्बाइन आहे, दोनशे किलोवॅटच्या दोन यंत्रांनी सुरुवात झाली.

चेना आणि उन्हवरे, गरम पाणी जवळपास सारखंच. फरक आहे तो गार पाण्यात. अलास्कात ते चार अंशांचं मिळतं, दापोलीत अठ्ठावीसचं. कार्नोला विचारलं तर तिकडे वीस टक्के, इकडे बारा. टर्बाइन लावा नाहीतर बॅटरी, हा तोटा दोघांनाही सारखाच बसतो. टाकाऊ उष्णतेवरचे बरेचसे आकडे थंड देशांतल्या प्रयोगशाळांत दहा अंशांचं पाणी नळाला लावून आलेले आहेत. आपल्याकडे उष्णता मुबलक आहे, दुष्काळ गारव्याचा आहे. ही बाब मला कुठल्याच बातमीत दिसली नाही.

साहेबांचा प्रश्न

एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर मी वही घेऊन पुन्हा कारखान्यात गेले. सगळीकडे सामसूम, क्वाडची झाकणं उघडी, आत उतरून माणसं नळ्या खरवडत होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे ओढला. एक किलोवॅट वीज, कार्यक्षमता दोन टक्के धरू. म्हणजे पन्नास किलोवॅट उष्णता आत घ्यायची आणि एकोणपन्नास गार बाजूला टाकायची. पाणी दहा अंशांनी उतरू दिलं तर सेकंदाला सव्वा लिटर गरम पाणी फिरवावं लागेल, आणि तेवढंच गार. दोन पंप, नळ्या, उष्णता अदलाबदल करायच्या पट्ट्या, त्यांवर बसणारा क्षार खरवडायला माणूस.

"ताई, एका किलोवॅटला एवढा संसार?" त्यांनी पेन ठेवलं. "त्यापेक्षा ह्या गटाराच्या पाण्यानं मी कच्चा रस तापवला तर? रस तीस अंशांवर येतो, पाणी सत्तरवर. मधे हीटर घातला की पन्नासच्या पन्नास किलोवॅट कामाला. तेवढी वाफ वाचली, चिपाड वाचलं, ते बॉयलरला घालून मी वीज महावितरणला विकतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते बरोबर होते. पडत्या भावाची उष्णता उष्णता म्हणूनच वापरावी, जवळपास कुणी गिऱ्हाईक असेल तर. वीज करायचा विचार तो माल उरला तर. कोमट बॅटरीला जागा आहे ती जिथे वायर ओढणं परवडत नाही तिथे. साहेबांनीच मग तशी एक जागा दाखवली. वाफेच्या नळ्यांवर ठिकठिकाणी स्टीम ट्रॅप असतात, साचलेलं पाणी सोडणारे आणि वाफ अडवणारे. ते बिघडले की वाफ फुकट जाते आणि महिनोन् महिने कुणाला कळत नाही. त्या नळीच्याच उबेवर चालणारा, दिवसातून दोनदा तापमान कळवणारा चिमुकला सेन्सर त्यांना हवा होता. त्याला मिलिवॅट पुरतात. अर्धवाहकांची अशी उपकरणं मिळतात. थर्मोसेलचं स्वस्त पिवळं पाणी त्यांच्या बरोबरीला आलं तर तो धंदा होईल, एरवी प्रयोगशाळेतल्या टाळ्यांवर थांबेल.

सांगलीच्या त्या दोन विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट कळवली. त्यांनी सत्तावीस छोट्या बाटल्यांची माळ केली आहे. एलईडी मिणमिणतो, चहाचं आधण खाली असेपर्यंत.

परवा, लेख देण्याआधी, साहेबांना फोन केला. हीटर बसला होता, पाण्याची चाचणी चालू होती. यंदाचं लॉगबुक छापून आलंय, म्हणाले. त्यात गटाराच्या तापमानाचा रकाना आहे.